दूध पाजणाऱ्या आईनं दारू घेतली तर बाळाला काय होतं? वाइनचा ग्लास, बाळंतकाढा आणि ‘चमचाभर ब्रँडी’चा हिशेब

मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली की मनमाडसारख्या शहरात घरच्या सामानाची यादी ठरलेली असते. डिंक, अळीव, खसखस, बाळंतशोपा. सोबत औषधाच्या दुकानातून आणलेली दशमूलारिष्टाची किंवा बाळंतकाढ्याची बाटली. सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर दोन-चार चमचे, तेवढंच पाणी घालून. त्यावर घरात कुणी आक्षेप घेत नाही.

त्याच घरात बाळंतिणीनं भावाच्या लग्नात ग्लासभर वाइन घेतली, असं कुणाला कळलं तर? गहजब होईल. ‘अंगावर पाजतेस ना गं?’ हा प्रश्न पहिला येईल.

प्रश्न योग्य आहे. पण दशमूलारिष्टाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली, तर तिथेही ‘स्वयंनिर्मित अल्कोहोल’ असा उल्लेख आणि त्याची टक्केवारी सापडते. म्हणजे अल्कोहोल दोन्हीकडे आहे. मग बाळाला धोका कशातून आहे, किती आहे आणि कुणामुळे आहे? समजून घेऊया.

नाशिक जिल्ह्यात हा प्रश्न का विचारला जातोय?

मनमाड नाशिक जिल्ह्यात येतं आणि नाशिक ही देशाची वाइन राजधानी मानली जाते. गेल्या २५ वर्षांत इथली वाइन उद्योगापुरती राहिलेली नाही. द्राक्षबागेतली सहल, टेस्टिंग, वीकेंडचे फोटो असं तिचं रूप झालं आहे. लग्न-वाढदिवसाला ग्लासभर वाइन घेणाऱ्या तरुण मुली आता नाशिकमध्ये नवलाच्या राहिलेल्या नाहीत. त्यांच्यातल्याच काही जणी आज नव्या आया आहेत.

जानेवारी २०२२ मध्ये महाविकास आघाडी सरकारनं सुपरमार्केट आणि मोठ्या दुकानांमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. त्यावरून मोठा वाद झाला. वाइन म्हणजे दारू नव्हे, ती विकली गेली तर शेतकऱ्याला फायदा होईल, अशी बाजू शिवसेनेचे संजय राऊत यांनी मांडली. देवेंद्र फडणवीस यांनी ‘मद्यराष्ट्र’ असा शब्द वापरून टीका केली. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. निर्णय मागे पडला, पण ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हे वाक्य लोकांच्या डोक्यात राहिलं.

राजकारण आणि शेतीच्या चर्चेत या वाक्याला काय अर्थ द्यायचा तो द्यावा. शरीराच्या दृष्टीनं मात्र ते चूक आहे. वाइन, बिअर, व्हिस्की, ब्रँडी, देशी आणि अरिष्ट या सगळ्यांत असतं ते इथेनॉलच. फरक फक्त प्रमाणाचा.

बाळंतकाढ्यात अल्कोहोल येतं कुठून?

अरिष्ट म्हणजे आंबवलेला काढा. दशमूलारिष्ट करताना दहा मुळ्या आणि इतर वनस्पतींचा काढा करतात. त्यात गूळ, मध, मनुका आणि धायटीची फुलं घालून तो बंद भांड्यात काही आठवडे ठेवतात. साखर आंबते आणि तिचं अल्कोहोल होतं. वाइनही याच क्रियेनं बनते. अरिष्टात अल्कोहोल वरून मिसळलेलं नसतं, आतच तयार होतं, म्हणून त्याला ‘स्वयंनिर्मित’ म्हणतात.

आसव-अरिष्टांमध्ये हे प्रमाण साधारण ५ ते १२ टक्क्यांच्या दरम्यान असतं. म्हणजे टक्केवारीच्या हिशेबानं काही अरिष्टं वाइनच्या जवळ जातात. बाजारात मिळणारा प्रत्येक बाळंतकाढा असा नसतो. काही आंबवलेले असतात, काही नसतात. नक्की कोणता ते बाटलीवर वाचूनच कळतं.

अरिष्ट घ्यायला परवाना लागत नाही, कारण ते औषध आहे. महाराष्ट्राच्या दारूबंदी कायद्यातही पिण्याची दारू आणि अल्कोहोल असलेली औषधं यांच्यात फरक केलेला आहे. घरातही तोच फरक केला जातो. एकाला औषध म्हणतात, दुसऱ्याला व्यसन. रक्तात गेल्यावर मात्र दोन्ही अल्कोहोल एकच असतात, म्हणून नावाऐवजी प्रमाण पाहायला हवं.

कशात किती अल्कोहोल?

ढोबळ हिशेब असा:

- १२ टक्के वाइनचा १५० मिलीचा ग्लास: सुमारे १४ ग्रॅम
- ५ टक्के बिअरची ३३० मिलीची बाटली: सुमारे १३ ग्रॅम
- ८ टक्के ‘स्ट्राँग’ बिअरची ६५० मिलीची बाटली: सुमारे ४१ ग्रॅम
- व्हिस्की किंवा ब्रँडीचा ३० मिलीचा पेग: सुमारे १० ग्रॅम
- १० टक्के अरिष्टाचा २० मिलीचा डोस: सुमारे दीड ग्रॅम

अमेरिकेत १४ ग्रॅम अल्कोहोल म्हणजे ‘एक ड्रिंक’ मानतात. त्या मापानं अरिष्टाचा एक डोस वाइनच्या ग्लासाच्या नवव्या भागाएवढा भरतो. याउलट ‘एकच बिअर घेतली’ म्हणताना ती मोठी स्ट्राँग बाटली असेल, तर तीन ड्रिंक्स झालेली असतात.

आईच्या पोटातून बाळाच्या पोटात किती जातं?

दुधातल्या अल्कोहोलचं प्रमाण जवळपास आईच्या रक्तातल्या प्रमाणाएवढंच असतं. प्यायल्यानंतर साधारण अर्ध्या ते एका तासात ते सर्वाधिक होतं. उपाशीपोटी लवकर, जेवणासोबत थोडं उशिरा. मग रक्तातलं कमी होत जातं तसं दुधातलंही कमी होतं. दूध स्तनात साठलं म्हणून अल्कोहोल त्यात अडकून राहत नाही.

समजा, ५५ किलो वजनाच्या आईनं वाइनचा एक ग्लास घेतला. तिच्या रक्तातलं प्रमाण जास्तीत जास्त ०.०५ टक्क्यांच्या आसपास जाईल. नेमक्या त्याच वेळी बाळानं १०० मिली दूध प्यायलं, तर त्याच्या पोटात साधारण ०.०५ ग्रॅम अल्कोहोल जाईल. म्हणजे एखादा थेंब.

आता दुसरी बाजू. बाळाला सर्दी झाली किंवा ते रात्रभर रडतंय म्हणून ‘चमचाभर ब्रँडी’ देण्याचा सल्ला महाराष्ट्रातल्या अनेक घरांत आजही ऐकू येतो. चमचाभर जाऊ दे, अर्धा चमचा धरू. अडीच मिली ब्रँडीत सुमारे ०.८ ग्रॅम अल्कोहोल असतं. आईनं ग्लासभर वाइन घेऊन लगेच पाजलेल्या दुधापेक्षा हे १६ पट आहे.

चार किलोच्या बाळाच्या शरीरात एवढं अल्कोहोल गेलं, तर त्याच्या रक्तातलं प्रमाण १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅमच्या जवळ पोहोचू शकतं. भारतात गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्यानं ठरवलेली मर्यादा हीच आहे. ज्या प्रमाणावर पोलीस मोठ्या माणसावर गुन्हा दाखल करतात, त्या प्रमाणाला दोन महिन्यांचं बाळ अर्ध्या चमच्यात पोहोचतं.

लहान बाळाचं यकृत पूर्ण तयार झालेलं नसतं. पहिले काही महिने ते अल्कोहोल मोठ्या माणसाच्या साधारण निम्म्या वेगानं बाहेर टाकतं. शिवाय अल्कोहोलमुळे बाळाच्या रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. ब्रँडी घेऊन शांत झोपलेलं बाळ बरं झालेलं नसतं, ते नशेत असू शकतं. छातीला ब्रँडी चोळणंही निरुपद्रवी नाही. नवजात बाळाची त्वचा पातळ असते आणि अल्कोहोल तिच्यातून आत शिरतं.

ही सवय आपल्याकडचीच आहे असंही नाही. १८५१ मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड यांनी ग्राइप वॉटर तयार केलं. आपल्या बाळंतशोपेच्याच जातीच्या शोपेचं तेल, सोडा, साखर आणि ३.६ टक्के अल्कोहोल असं ते मिश्रण होतं. बाळ शांत होण्यात त्या अल्कोहोलचाही वाटा होता, असं पुढे तज्ज्ञांनी म्हटलं. ब्रिटनमध्ये त्यातलं अल्कोहोल १९९२ मध्ये काढून टाकण्यात आलं.

मग आईनं एक ग्लास घेतला तर चालतं का?

सगळ्यात सुरक्षित पर्याय म्हणजे न घेणं. याबद्दल जगभरच्या आरोग्य संस्थांमध्ये दुमत नाही. कुठल्याही प्रमाणातलं मद्य आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं. ते फक्त आयांसाठी नव्हतं, सगळ्यांसाठी होतं.

पण एखादीनं घेतलीच, तर तिनं दूध तोडावं का? नाही. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या, म्हणजे सीडीसीच्या म्हणण्यानुसार, दिवसाला एका ड्रिंकपर्यंतच्या प्रमाणानं अंगावर पिणाऱ्या बाळाला अपाय होतो असं आढळलेलं नाही. अट एकच. एका ड्रिंकनंतर पाजायच्या आधी किमान दोन तास थांबायचं. दोन ड्रिंक्स असतील तर चार तास, तीन असतील तर सहा.

सांगायला हा नियम सोपा आहे. पहिल्या महिन्यात बाळ दिवसातून ८ ते १२ वेळा पितं, म्हणजे दर दोन-तीन तासांनी. तिथे दोन तासांची फट काढायची कधी? त्यामुळे बाळ तीन महिन्यांचं होईपर्यंत टाळणं आणि नंतरही घ्यायचीच असेल तर आधी बाळाला पाजून किंवा दूध काढून ठेवून मग घेणं, हा व्यवहार्य मार्ग आहे.

दूध पिळून टाकलं की दारू निघून जाते?

नाही. आईच्या रक्तात अल्कोहोल असेपर्यंत नव्या दुधातही ते येत राहतं. ते कमी व्हायला वेळच जावा लागतो. दूध पिळून टाकणं, लिंबूपाणी, कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, यातल्या कशानंही वेग वाढत नाही. छाती जड होऊन दुखत असेल तर आराम मिळावा म्हणून दूध काढावं, एवढाच त्याचा उपयोग.

बिअरनं दूध वाढतं, हे खरं आहे का?

युरोप-अमेरिकेतल्या आज्यांचा हा जुना सल्ला आता इन्स्टाग्राम रील्समधून मराठी आयांपर्यंत पोहोचला आहे. बार्लीतला एक घटक दूध तयार करणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाला चालना देऊ शकतो, एवढा त्यात तथ्यांश आहे. पण अल्कोहोल नेमकं उलटं काम करतं. पान्हा फुटण्यासाठी लागणारं ऑक्सिटोसिन ते दाबतं.

अमेरिकेत ज्युली मेनेला आणि गॅरी बोशां या संशोधकांनी १९९१ मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला. आईनं अल्कोहोल घेतल्यावर दुधाचा वास बदलतो, बाळ सुरुवातीला जास्त जोरानं ओढतं, पण पुढच्या काही तासांत त्याच्या पोटात जाणारं दूध कमी होतं, असं त्यात दिसलं. बाळ जोरानं ओढतंय म्हणून आईला वाटतं, दूध वाढलं. प्रत्यक्षात ते कमी मिळतंय म्हणून ओढत असतं.

मग बाळंतकाढा बंद करायचा?

एका डोसात दीड ग्रॅम, तेही जेवणानंतर आणि पाणी घालून. या हिशेबानं बाळापर्यंत पोहोचणारं अल्कोहोल अगदी नगण्य आहे. घाबरून जाण्याचं कारण नाही. पण तीन गोष्टी पाहायला हव्यात.

एक, डोस. ‘औषधच आहे, अजून दोन चमचे घे’ असं करू नये. अरिष्ट वैद्यांना विचारूनच घ्यावं आणि शक्यतो बाळाला पाजून झाल्यावर घ्यावं.

दोन, इतर औषधं. सिझेरियननंतर किंवा टाके पडल्यावर मेट्रोनिडॅझोलसारखं अँटिबायोटिक दिलं जातं. त्याच्यासोबत अल्कोहोल टाळायला सांगतात. काढा सुरू आहे हे बऱ्याचदा डॉक्टरांना सांगितलंच जात नाही, कारण घरच्यांना ते औषध वाटत नाही. बाटलीचा फोटो काढून डॉक्टरांना दाखवणं सोपं आहे. आईला यकृताचा आजार असेल तर हे आणखी गरजेचं.

तीन, हे आईचं औषध आहे. त्यातलं बोटभरही बाळाला चाटवू नये.

गरोदरपणात वेगळे नियम आहेत का?

हो, आणि इथेच अनेकांचा गोंधळ होतो. गरोदरपणात अल्कोहोल नाळेतून थेट बाळाच्या रक्तात जातं. त्या वेळी बाळाचा मेंदू घडत असतो. तिथे सुरक्षित म्हणावं असं कुठलंही प्रमाण माहीत नाही, त्यामुळे नियम शून्याचाच. अंगावर पाजताना बाळापर्यंत जाणारं प्रमाण त्याच्या तुलनेत खूपच कमी असतं. दोन्हीला एकच धोका मानून दूध बंद करण्याची गरज नाही.

सगळी चर्चा आईचीच, आणि वडिलांचं काय?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रात १५ वर्षांवरच्या ०.४ टक्के महिला दारू पितात. पुरुषांमध्ये हे प्रमाण १३.९ टक्के आहे. बायका हे कबूल करायला बिचकतात, असं धरलं तरी तफावत प्रचंड आहे. महाराष्ट्रात बायकांचा दारूशी ठळक संबंध राहिला आहे तो ‘आडवी बाटली’ करून दुकान बंद पाडण्याचा.

म्हणजे बाळाच्या घरात दारू येते ती बहुतेक वेळा वडील, काका, आजोबा यांच्या हातून. आणि तिचा धोका दुधातून येत नाही, अंथरुणातून येतो.

मनमाड हे रेल्वेचं, धान्याच्या गोदामांचं आणि इंधन डेपोंचं शहर. रेल्वे क्वार्टर असो की भाड्याची खोली-स्वयंपाकघर, बाळ आई-वडिलांच्या मध्येच झोपतं. आपल्याकडे ही पद्धत सर्रास आहे आणि रात्री पाजायला ती सोयीची आहे. पण शेजारचं माणूस प्यायलेलं असेल, तर चित्र बदलतं. झोपेत कूस बदलताना बाळ खाली आहे याची जाणीव माणसाला होते. नशेत ती जाणीव हरवते. बाळाचं नाक-तोंड दाबलं जाऊ शकतं. दारू प्यायलेल्या व्यक्तीनं बाळासोबत एका अंथरुणावर झोपू नये, हे बालरोगतज्ज्ञांच्या संघटना स्पष्ट सांगतात. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला छातीवर घेऊन झोपणं तर आणखी धोक्याचं.

हा नियम आईला लागू आहे आणि वडिलांनाही. फरक इतकाच की आईला तो कुणीतरी ऐकवतं. वडिलांना ‘आज तुम्ही घेतलीय, तर बाहेरच्या खोलीत झोपा’ असं म्हणणं अनेक बाळंतिणींना जमत नाही. ते सासूनं, आईनं किंवा दिरानं म्हणावं लागतं. रोज अंधारात वाद घालण्यापेक्षा बाळाचं वेगळं अंथरूण किंवा पाळणा आईच्या हाताशी लावून ठेवणं हा घरात पटणारा तोडगा आहे.

दूध बंद करणं हा उपाय का नाही?

‘एकदा घेतली, आता आठवडाभर पाजू नकोस’ असा सल्ला देऊन बाळाला वरचं दूध सुरू केलं जातं. मनमाडमध्ये पाणीटंचाईच्या दिवसांत नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं. साठवलेलं पाणी आणि धुतलेली बाटली या दोन्हींतून जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. दुधातल्या थेंबभर अल्कोहोलच्या भीतीनं बाळाला जुलाबाच्या धोक्यात ढकलण्यासारखं ते होतं.

आईच्या दुधाची किंमत महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकारानं आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू झाली. अशा पेढ्यांमध्ये दूध देणाऱ्या आईला तंबाखू, दारू आणि औषधांबद्दल आधी विचारलं जातं, कारण ते दूध कमी दिवसांच्या, अगदी नाजूक बाळांना जाणार असतं. तुमचं बाळ वेळेआधी जन्मलेलं किंवा कमी वजनाचं असेल, तर वर सांगितलेला दोन तासांचा नियमही पुरेसा मानू नये. डॉक्टरांना विचारावं.

धोका कधी ओळखायचा?

बाळ नेहमीपेक्षा जास्त सुस्त आहे, उठवलं तरी उठत नाही, ओढत नाही, अंग थंड पडलंय किंवा श्वास मंद झालाय, असं दिसलं तर १०८ वर फोन करावा किंवा जवळचं रुग्णालय गाठावं. ब्रँडी किंवा काढा दिला असेल तर तो किती आणि कधी दिला, हे लाज न बाळगता सांगावं. लपवलं तर उपचाराला उशीर होतो.

आई रोज पीत असेल, थांबवता येत नसेल, तर तिला घराबाहेर काढणं किंवा बाळ हिसकावणं हा उपाय नाही. बाळंतपणानंतरचं नैराश्य आणि दारू अनेकदा एकमेकांच्या आडून येतात. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी ‘टेली-मानस’चा १४४१६ हे सरकारी क्रमांक आहेत. वडिलांसाठीही तेच क्रमांक आहेत.

थोडक्यात काय?

बाळाला सर्वांत जास्त धोका थेट पाजलेल्या दारूचा. त्यानंतर नशेत शेजारी झोपलेल्या माणसाचा. मग आईच्या रोजच्या किंवा अति पिण्याचा. वेळ पाळून घेतलेल्या एखाद्या ग्लासाचा धोका त्याहून खूप कमी, आणि योग्य डोसातल्या अरिष्टाचा सर्वांत कमी.

घरातली आरडाओरड मात्र बहुतेक वेळा याच्या उलट क्रमानं होते. ग्लासाबद्दल बोलणारे खूप असतात. फडताळातली ब्रँडीची बाटली आणि रात्री अकराला घरी येऊन बाळाजवळ आडवा होणारा माणूस, यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. बारशाच्या आधी घरात एकदा बोलायचंच असेल, तर ते या दोन गोष्टींवर बोलावं.